बुधवारचा उपास

आधी माझी चूक सांगतो, मग अनुभव. उलट क्रमाने सांगितलं तर तुम्ही सगळे मांजरीबद्दल बोलत बसाल आणि मी सुटेन. तसं सुटून बरेच आठवडे काढले आहेत मी.

मी एक शब्द खोटा बोललो. "हो" – एवढाच. त्या शब्दापायी एक मांजर गेली, आणि तिच्या मरणाचा दोष एका बहात्तर वर्षांच्या बाईच्या पदरात पडला. मी टाकला असं नाही... तिने आपणहून उचलला, मी उचलू दिला. फरक फारसा नाही.

भुताखेतांच्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. लालबागच्या चाळीत वाढलेल्या माणसाने असं म्हणणं थोडं हास्यास्पद आहे, कारण आमच्या मजल्यावर दर दोन खोल्यांमागे एकाला काहीतरी दिसलेलं असायचं. मला कधी काही दिसलं नाही. मी नोकरीने ड्राफ्ट्समन आहे. कागदावर रेघ असते किंवा नसते, मधलं काही नसतं. आणि खरं सांगायचं तर यातही मला स्वतःला काही दिसलेलं नाही. ज्यांना दिसलं त्यांनी सांगितलं, आणि त्यांनी जे सांगितलं ते माझ्याशिवाय कोणाला माहीत असण्याची शक्यता नव्हती.

माझं वय बावन्न. परळला राहतो. गेली सहा वर्षं आमचा सात-आठ जणांचा एक ग्रुप रस्त्यावरच्या मांजरांचं काम करतो. मांजर पिंजऱ्यात पकडायची, दवाखान्यात नेऊन तिचं ऑपरेशन करून घ्यायचं म्हणजे पुढे पिल्लं होत नाहीत, आणि बरी झाली की जिथून उचलली तिथेच परत सोडायची. पिल्लं लहान असतील तर त्यांना घरं शोधायची. ऑपरेशनच्या वेळी, मांजर बेशुद्ध असतानाच, तिच्या डाव्या कानाचं टोक सरळ कापतात. लांबून कळावं की हिचं झालेलं आहे, पुन्हा पकडू नका. जखम चिघळू नये म्हणून त्यावर चंदेरी रंगाचा स्प्रे मारतात. दोन-चार दिवसांत तो निघून जातो. हे लक्षात ठेवा.

इंदूमावशी माझ्या आईची मैत्रीण. मूळची मालवणकडची. नवरा गिरणीत होता, तो जाऊन वीस वर्षं झाली. मुलगा-सून विरारला. ती मात्र लालबागची खोली सोडायला तयार नाही. आमचं घर परळला हललं, आई गेली, तरी महिन्यातून एकदा मी मावशीकडे जात असे. गेल्या वर्षी तिच्या खोलीत एका मांजरीने बस्तान मांडलं. राखाडी पट्टे, छातीवर पांढरा डाग, शेपटीचं टोक मोडल्यासारखं वाकडं. दुसऱ्या कोणाच्या हाताला लागायची नाही. मावशी तिला 'बायो' म्हणायची. बायोने मावशीच्या खाटेखाली तीन पिल्लं घातली.

पिल्लं दोन महिन्यांची होत आली तेव्हा मी कामाला लागलो. फोटो काढले, घरं शोधायला घेतली. मावशी थट्टा करायची.

"तिने अजून सात घरं फिरवली नाहीत पिल्लांना, आणि तू मेल्या निघालास घरं शोधायला."

"मावशी, मी चांगल्या घरात पाठवतोय. माणसं बघून, चौकशी करून."

"स्वतःच्या पुतणीचं स्थळ बघताना एवढी चौकशी केली नव्हतीस रे."

बायोच्या ऑपरेशनसाठी मी आधीच नाव देऊन ठेवलं होतं; दीड महिना थांबून शिवडीच्या बाजूच्या एका दवाखान्यात नंबर मिळाला. बुधवार सकाळ. मी ऑफिसातून अर्धी रजा काढली. भूल द्यायची तर जनावर उपाशी हवं, म्हणून आदल्या संध्याकाळी मावशीला फोन करून बजावलं – रात्री नऊनंतर काही देऊ नकोस. पाण्याशिवाय काही नाही.

बुधवारी साडेआठला पिंजरा घेऊन पोचलो. सगळ्या मजल्यावर मासे तळल्याचा वास. कोकणातल्या घरांत बुधवार म्हणजे मासे, हे तुम्हाला सांगायला नको. मावशी दारातच म्हणाली, "आज नको नेऊस, विनू. मी तिला घातलंय खायला."

"अगं, काल सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंस. रात्री नाही दिलं मी. पण सकाळी बांगडे साफ करायला घेतले आणि ती समोर येऊन बसली, ओरडायलापण तयार नाही. नुसती बघतेय. अंगावर पितात अजून पोरं. बाळंतीण ती... तिका उपाशी कशी ठेवू रे?"

"किती दिलंस?"

"डोकी, आणि भात कालवून. पोटभर जेवली. उद्या ने."

उद्या म्हणजे पुन्हा दीड महिना. पुन्हा रजा. ग्रुपवर मी सकाळीच लिहून टाकलं होतं, 'निघालो.' मी आढेवेढे न घेता सांगतो, त्या क्षणी माझ्या डोक्यात मांजर नव्हती. माझं ठरलेलं वेळापत्रक होतं. मी म्हणालो, "काही होत नाही, मावशी. थोडंसंच आहे. मी डॉक्टरांना सांगतो."

"सांग हां नक्की."

बायो माझ्या हाताला लागणारी नव्हती, म्हणून मावशीनेच तिला उचलून पिंजऱ्यात ठेवलं. दार मी लावलं.

दवाखान्यात टेबलाशी बसलेली मुलगी फॉर्म भरत होती. एरिया, रंग, मादी. मान वर न करता तिने विचारलं, "उपाशी आहे ना?"

"हो," मी म्हणालो.

तिने खूण केली. पिंजरा आत गेला.

दुपारी एकला डॉक्टरांचा फोन आला. ऑपरेशन व्यवस्थित झालं होतं. शुद्धीवर येताना उलटी झाली आणि ती फुप्फुसात गेली. त्यांनी खूप प्रयत्न केले. मग त्यांनी विचारलं, "सर, उपाशी होती ना ही?"

मला दुसरी संधी मिळाली होती. मी म्हणालो, "आम्ही तसं सांगून ठेवलं होतं. पण तिथल्या एक म्हाताऱ्या बाई आहेत... त्यांनी दिलं असेल काहीतरी."

मी गेलो तेव्हा तिला टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवलं होतं. मी टॉवेल बाजूला केला. पोटावरचे केस काढलेले, डावा कान सरळ कापलेला, टोक चंदेरी चकचकीत. दवाखान्याच्या मागे भेंडीचं मोठं जुनं झाड आहे, तिथे मी आणि तिथला एक माणूस मिळून तिला पुरलं. आम्ही दोघं, डॉक्टर आणि ती फॉर्मवाली मुलगी, एवढे सोडून तो कान कोणी पाहिला नाही. मी फोटोही काढला नाही. इतर वेळी काढतो.

तिथून लालबागला गेलो. मावशीला सांगितलं. ती खाटेवर बसली. पिल्लं तिच्या पायाशी खेळत होती.

"डॉक्टरला सांगितलंस ना, मी खायला घातलं ते?"

"सांगितलं."

"मग?"

"ते म्हणाले, बघू. कधी कधी चालतं."

तिने आपला उजवा हात समोर धरला आणि त्याच्याकडे बघत राहिली. "म्हणजे माझ्याच घासाने गेली."

त्यावर मी जे बोललो ते वाक्य मला झोपेतही आठवतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "तू काही मुद्दाम नाही केलंस, मावशी."

माझ्या गुन्ह्याची मी तिला माफी दिली.

पिल्लं मी घरी आणली आणि पंधरा दिवसांत तिन्ही पिल्लांना घरं मिळाली. एक गिरगावात साठेकाकांकडे. निवृत्त शिक्षक, नवरा-बायको दोघंच. दुसरं करी रोडला नव्या टॉवरमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर प्राजक्ता म्हणून एक मुलगी राहते, तिच्याकडे. तिसरं माटुंग्याच्या शुभाताईंकडे. त्या एका कॉलेजच्या लायब्ररीत आहेत. हे तिघं एकमेकांना ओळखत नाहीत. आई ऑपरेशनमध्ये दगावली, एवढंच मी त्यांना सांगितलं होतं. ती कशी दिसायची हे कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. लालबागला जाणं मी बंद केलं होतं.

नंतरच्या बुधवारी दुपारी चारच्या सुमारास साठेकाकांचा फोन आला. "अहो, पिल्लाबरोबर सासूबाई पण येणार असं बोलला नव्हतात."

"म्हणजे?"

"गॅलरीत एक मांजर येऊन बसलीय मगाचपासून. आमचं पिल्लू तिला सोडायला तयार नाही. नुसतं लुचतंय. राखाडी आहे, शेपटी टोकाशी वाकडी. आणि गंमत म्हणजे कानाला चांदीचा वर्ख लावलाय कोणीतरी. मिठाईला लावतात तसा."

मी म्हणालो, गिरगावातही आमच्यासारखे ग्रुप आहेत, त्यांनी ऑपरेशन करून सोडलेली असेल. आणि तसं मला खरंच वाटलं... वाटून घेतलं.

"असेल, असेल. पण काही खात नाही हो. हिने दूधपोळी कुस्करून ठेवली. वास घेते आणि आमच्या तोंडाकडे बघते."

पुढच्या बुधवारी प्राजक्ताचा मेसेज आला. 'काका, आमच्या मजल्यावर मांजर आलीय. सेफ्टी डोअरच्या बाहेर पायपुसण्यावर बसलीय. वॉचमन म्हणतो लिफ्टमधून आली नाही, आणि जिन्याने एकोणीस मजले कोण चढेल? कानाला सिल्व्हर काहीतरी आहे. जखम झालीय का? खायला दिलं तर खात नाही.' पाठोपाठ फोटो. फोटोत पायपुसणं होतं, खाण्याची वाटी होती, भरलेली. आणि पिल्लू होतं. मांजर नव्हती. मी फोटो मोठा करून बघितला. पिल्लू शेपटी वर करून डाव्या बाजूला कललेलं होतं, कोणाच्या तरी अंगाला अंग घासत असल्यासारखं. मी तीस वर्षं कोन मोजतोय. त्या कोनात कशाचाही टेकू न घेता कोणतंही पिल्लू उभं राहू शकत नाही. प्राजक्ताला विचारलं तर म्हणाली, "अरेच्चा... मी काढला तेव्हा होती की. हलली असेल."

बायकोला फोटो दाखवला. ती म्हणाली, "तुम्ही जरा झोपा."

तिसऱ्या बुधवारी मी ऑफिसात फोन समोर ठेवूनच बसलो होतो. साडेतीनला शुभाताईंचा फोन. आवाज हळू होता, जवळच कोणी झोपलेलं असावं तसा. त्यांनी वर्णन करायला सुरुवात केली आणि मी मध्येच म्हणालो, "कान चंदेरी आहे?"

"हो. तुमचीच आहे का? स्वयंपाकघराच्या खिडकीत बसलीय. मी दूध ठेवलं, उकडलेलं अंडं ठेवलं, काही शिवत नाही. भुकेलेली वाटते हो, पण खात नाही. मला तर तिच्याकडे बघवत नाही." मग त्यांनी विचारलं, "उपाशी आहे ना ती?"

आणि माझ्या तोंडून सवयीने निघालं, "हो."

फोन ठेवला आणि समोरचं अर्धवट ड्रॉइंग गुंडाळून बाजूला ठेवलं.

स्पष्टीकरण शोधायचा मी प्रयत्न केला. तसलीच दिसणारी दुसरी मांजर, असं धरू. मग गिरगाव, करी रोड, माटुंगा, तिन्हीकडे तीच कशी? तीन वेगवेगळ्या मांजरी म्हणाव्यात, तर वाकडी शेपटी आणि ताजा स्प्रे तिन्हींना, आणि तिन्हींना बुधवारच कसा सापडला? दवाखान्यात फोन करून विचारलं, स्प्रे किती दिवस टिकतो. फार तर चार दिवस, म्हणाले. तोवर बायोला पुरून महिना उलटून गेला होता. तिघांपैकी एकालाही मला घाबरवायचं कारण नाही.

चौथ्या बुधवारी मी रजा टाकून लालबागला गेलो. अकरा वाजले होते. जिना चढताना प्रत्येक दारातून तळणीचा वास येत होता. मावशीच्या दाराशी आलो आणि वास संपला. तिची शेगडी बंद होती. भांडी घासून पालथी घातलेली.

शेजारच्या खोलीतली वैशाली दारात कोलंबी सोलत बसली होती. मला बघून म्हणाली, "बरं झालं आलात. तुमच्या मावशीला विचारा जरा, हा कुठला देव शोधून काढलाय. बुधवारचा उपास धरलाय तिने. कडक. पाण्यावर. सोमवार करा, गुरुवार करा, आपलं काही म्हणणं नाही. बुधवारी मासे सोडणारी मालवणी बाई बघितलीय कधी?"

आतून आवाज आला, "तुका काय करूचा आसा गो? तू तुझी कोलंबी सोल."

"साखर आहे हिला," वैशाली माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाली. "गेल्या बुधवारी नळावर चक्कर येऊन बसली. आणि रविवारी नातीचं उष्टावण होतं ना, विरारला. सगळे म्हणाले आजीने घास भरवावा. ही हात मागे घेऊन उभी. भरवलाच नाही. सून रडली बिचारी."

मी आत जाऊन खाली बसलो. मावशी खाटेवर होती, बारीक झालेली.

"कशाला करतेस हा उपास?"

"माझा हात बरा नाही, विनू. ज्याला खायला घातलं त्याचा जीव गेला. त्या दिवशी ती जेवली म्हणून गेली, तर त्या दिवशी मी नाही जेवायचं. मांजरांना पण घालत नाही आता. आणि ती पोर तर सहा महिन्यांची... तिला कसा घास देऊ?"

मग मी सांगितलं. सगळं, याच क्रमाने. दवाखान्यातल्या मुलीने काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं. डॉक्टरांनी पुन्हा विचारल्यावर कोणाचं नाव पुढे केलं. तू विचारलंस तेव्हा "सांगितलं" म्हणालो, ते नव्हतं सांगितलं. सांगितलं असतं तर त्यांनी तिला परत पाठवलं असतं आणि ती आज इथे असती. तुझ्या घासाने ती मेली नाही, मावशी. भुकेल्याला घास देणाऱ्याचं काही चुकत नसतं. मला माहीत असून मी नेली. आणि तुला म्हणालो, तू मुद्दाम नाही केलंस. मी मुद्दाम केलं. मला माफ कर.

बाहेर वैशालीचा कोलंबी सोलण्याचा आवाज थांबला होता. तिने ऐकलं असणार. ऐकू दे. त्या दिवशी संध्याकाळी मी ग्रुपवरही लिहिलं आणि डॉक्टरांनाही फोन केला. तेव्हापासून पकडायला मी जात नाही, पिंजरे धुवायचं काम माझ्याकडे आहे.

"म्हणजे तू तिका उपाशी म्हणून सांगितलंस," मावशी म्हणाली.

"हो."

"आणि ती तर पोटभर जेवून गेली होती."

"हो."

गिरगाव, करी रोड, माटुंगा, ते सगळं मी तिला त्यानंतर सांगितलं. तिला त्यात नवल वाटलं नाही. ती एवढंच म्हणाली, "पोरांना बघायला गेली. पण खाईल कशी? तू तिच्या नावावर उपास लिहून ठेवलास."

मग ती भिंतीला धरून उठली. बाहेर जाऊन वैशालीला म्हणाली, "एक बांगडा दे गो. तळलेला नको, तुझ्या कालवणातला दे. भात पण दे." बायोची जर्मनची ताटली खाटेखाली तशीच होती. मावशीने ती धुतली. भात कालवला, काटे काढले – उजव्या हाताने, सावकाश. ताटली खिडकीत ठेवली, जिथे बायो बसायची. एक घास तिने स्वतःच्या तोंडात घातला आणि चावत राहिली. डोळे वाहत होते, पण चावत होती.

त्या ताटलीचं पुढे काय झालं ते विचारू नका. रिकामी झाली, पण लालबागला मांजरांची कमी नाही. त्यानंतर त्या तिघांपैकी कोणाचा तसा फोन आलेला नाही. मीही विचारलेलं नाही.

त्या वेळी मात्र खिडकीत काही नव्हतं. ताटली आणि गज.

"मला काय सांगतोस," मावशी म्हणाली. "माफ करायचं का ते मी मग बघीन. आधी तिला सांग."

बावन्न वर्षांचा माणूस रिकाम्या खिडकीसमोर हात जोडून उभा राहिला. दारातून वैशाली बघत होती. मला लाज वाटली नाही.

"बायो," मी म्हणालो, "तू उपाशी नव्हतीस. मावशीच्या हातचं जेवून निघाली होतीस. मला माहीत होतं. मी खोटं बोललो. मला माफ कर... आणि आता जेव."